नंदीचं घुंगरू आणि तळ्यातला रोहू

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी पत्र पाठवून विचारायला नको. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अंगात येणाऱ्या बाया पाहिल्या की मला हसू फुटतं, आणि ते दाबता येत नाही म्हणून लोकांच्या घरून मला उठून यावं लागलेलं आहे. या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचते. पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय... आणि पान उलटते. माझ्या हकिकतीत यातलं काहीच नाही. ती भर दुपारी घडली, चार माणसांच्या देखत घडली, आणि तिच्यात एक मासा आहे. हसा खुशाल. मीही हसले असते.

आम्ही नागपूरचे, महालातले. पणजोबा भोसल्यांच्या पागेत होते. राज्य गेलं तशी आमच्या घरातल्या पुरुषांनी तलवार खुंटीला लावली आणि टाक हातात घेतला. बाबा सेक्रेटरिएटमध्ये हेडक्लार्क. डोळ्यांनी दिसेल तेच खरं, असा त्यांचा खाक्या. आमच्या घरात कोणी "दृष्ट लागली" म्हटलं तरी बाबा चष्मा काढून त्याच्याकडे असे बघायचे की तो माणूस पुढचं वाक्य गिळायचा.

बाबांची मोठी बहीण, माझी चंद्राआत्या, फार लहान वयात विधवा होऊन माहेरी आली होती. तिला एकच नाद होता... गळ टाकायचा. बायका देवळात जातात, कीर्तनाला जातात. आमची आत्या रविवारी सकाळी स्वयंपाक उरकून, खांद्यावर बांबूची काठी टाकून, सक्करदऱ्याच्या पुढे हुडकेश्वरच्या वाटेवरच्या तलावाला जायची. आजूबाजूला आमराई, एका बाजूला दगडी पायऱ्या, आणि पायऱ्यांवर चिंचेची सावली. तलाव तिथल्या मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, मालकीचा. गळ टाकणाऱ्यांना तो अडवत नसे. सगळे पुरुषच बसायचे तिथं. त्यांच्यात पदर खोचून बसलेली ही एकटी बाई. लोक नावं ठेवायचे, आणि आत्या ती ऐकून घ्यायची. "त्यायच्या तोंडाले काम नको का वं काही?" असं म्हणायची.

तिचं सगळं सामान घरचं. कोष्ट्याकडे साडीच्या किनारीचं रेशीम उरतं ना, ते आणून ती स्वतः पीळ द्यायची आणि पाण्यात कुजू नये म्हणून त्याला बिब्ब्याचं तेल चोळायची. दोरी गुंडाळायला पतंगाची जुनी चक्री. गळ म्हणजे पोती शिवायचं दाभण, सोनाराकडून वाकवून घेतलेलं. माशाचा चारा म्हणजे भाजलेली कणीक, जवसाची ढेप म्हणजे पेंड, मोहाची फुलं, आणि आणखी एक जिन्नस, जो ती आमच्याकडे पाठ करून मिसळायची.

मला ती सोबत न्यायची. मी मुलखाची तापट. फ्लोट — मोरपिसाची दांडी हो, पाण्यावर उभी तरंगणारी — जरा हलली की मी काठी हिसडायची. मासा पसार.

"काहून वं इतकी घाई?" आत्या म्हणायची. "पयल्यांदा हालते ना, तवा तो फक्त इचारपूस करून राह्यला असते. कोन आलं, काय आनलं. सोयरीक लगेच जमते का? थांब जराशी."

आणि मासा लागला की मी दोरी ओढत सुटायची. मग ती माझ्या डोक्यात टपली मारायची. "ढील दे! ढील दे वं बाई! तो ओढते तवा तू ओढू नोको. तो दमला का मंग तुही पाळी." शाळेत मास्तरीणबाईंशी भांडून आले, आईशी अबोला धरला, तरी तिचं तेच... ढील दे. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आज माझी सासू नऊ वर्षं माझ्याबरोबर सुखानं नांदते आहे, त्याचं सगळं श्रेय त्या टपल्यांना आहे.

तर एका रविवारी आत्या संध्याकाळी घरी आली ती चिंब भिजलेली. दोन्ही तळव्यांवर दोरीच्या चिरा, रक्त. पण डोळे असे चमकत होते की आईनं आधी दिवा वर करून तिचं तोंड बघितलं.

"रोहू लागला होता," आत्या म्हणाली. "एवढा..." आणि तिनं हात पसरले, पण ते पुरेनात म्हणून माझ्याकडे बोट केलं. "हिच्या खांद्यापर्यंत लागन, इतका मोठा. पायरीपर्यंत आनला होता वं. पाह्यलं मी त्याले, त्यानं मले पाह्यलं. अन् दोरी तुटली."

ती हे सांगत असताना माझं लक्ष फळीवर गेलं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, मिरवायचा माझा लाकडी नंदी तिथं असायचा. त्याच्या गळ्यात पितळी घुंगरांची माळ, बाबांनी खास ओतून घेतलेली, प्रत्येक घुंगरावर बेलाचं पान कोरलेलं. त्या माळेतलं मधलं घुंगरू गायब! मी भोकाड पसरलं. चौकशीअंती कळलं की आत्याचं वजनाचं शिसं संपलं होतं, म्हणून तिनं माझं घुंगरू उचललं होतं. ते वाजून मासे बिचकू नयेत म्हणून त्यात वाळू ठासून वरून लाख ओतली होती आणि गळाच्या वर बांधलं होतं. मी किती दिवस तिच्याशी बोलले नाही ते विचारू नका.

"देईन वं परत," ती म्हणायची. "त्याच्या तोंडात हाये. कुठं जाते तो? तलावातच हाये."

झालं. ही गोष्ट तलावावर पसरली. तिथं वामनराव म्हणून एक पेन्शनर बसायचे, कोर्टात पेशकार होते. तलावावरचा सगळ्यात जुना गळवाला म्हणून त्यांचा शब्द चालायचा. ते म्हणाले, "चंद्राबाई, या तलावात येवढा रोहू असता तर तो मले आदी भेटला असता जी. तुमाले का म्हनून भेटन?" तेव्हापासून आत्या दिसली की पायऱ्यांवरून कोणीतरी "छुम छुम" करायचं. "बाई, तुमचा मासा घुंगरू बांधून नाचून राह्यला का?" आणि ख्या ख्या ख्या.

आत्या हसण्यावारी नेत होती. पण पुढच्या उन्हाळ्यात मालगुजारानं बांध दुरुस्त करायला आणि गाळ काढायला तलाव पुरता रिकामा केला. मधे एक कुंड होतं, तेसुद्धा मोट लावून उपसलं. अख्खं गाव तळ बघायला लोटलं. मासे टोपल्यांनी निघाले. मुरळ, शिंगाडे, वीतभर रोहू... पण आत्याचा रोहू? नाही.

बाबा तिला मुद्दाम घेऊन गेले होते. मी पण होते. भेगाळलेल्या तळावरून बाबा बूट घालून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात चालत गेले, कुंडात उतरले, वर आले आणि म्हणाले, "ताई, बघ. तुझ्या डोळ्यांनी बघून घे. नाहीये." वाईट हेतू नव्हता हो बाबांचा. बहिणीच्या डोक्यातलं खूळ निघावं, इतकंच. पण पायऱ्यांवर वामनराव आणि मंडळी उभी होती, आणि त्यांच्या देखत सख्ख्या भावानं तिला खोटं पाडलं.

आत्यानं तळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "हाये तो." आणि वळून चालायला लागली.

त्या दिवशी तिनं काठी माळ्यावर टाकली. "माहा शबुद वापस येईन तवाच हातात धरीन," म्हणाली. तलाव पावसानं पुन्हा भरला, मालगुजारानं नवी पिल्लं सोडली, पण ही काही गेली नाही. घरात तिच्या कुठल्याच बोलण्याला किंमत राहिली नाही. ती म्हणाली दूध नासलंय, तर आई स्वतः हुंगून बघायची. ती म्हणाली दारात कोणी आलंय, तर बाबा "बघून येतो" म्हणायचे. शेजारच्या बायका बाबांना ऐकू जाईल असं बोलायच्या की पागलखान्यातल्या डॉक्टरला एकदा दाखवा. आणि आत्यानंही जिद्द सोडली नाही. कोणी विचारो न विचारो, भाजी निवडता निवडता म्हणायची, "हाये तो."

शेवटी बाबांनी ठरवलं. आत्याला तिच्या सासरी, उमरेडच्या पुढच्या खेड्यात, थोरल्या दिराकडे पाठवायचं. हवापालट म्हणे! त्या दिरानं इतक्या वर्षांत तिला एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नव्हतं. तिथं तिचं काय होईल हे आईला कळत होतं, मला कळत होतं, बाबांनाही कळत असावं, कारण ते त्या दिवसांत कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. मी थयथयाट केला, जेवले नाही, आत्याची ट्रंक लपवून ठेवली. काही उपयोग झाला नाही. आत्याच म्हणाली, "दे वं ती ट्रंक."

तलाव उपसल्याच्या दुसऱ्या वर्षी, दसरा झाल्यावरचा रविवार. शिवा गाडीवानाची दमणी दारात आली. दमणी म्हणजे छपराची हलकी बैलगाडी. बाबा तिला पोचवायला निघाले आणि मी रडून रडून सक्करदऱ्यापर्यंत सोबत जायची परवानगी मिळवली. आत्यानं निघताना माळ्यावरची काठी आणि चक्री काढून गाडीत घातली.

सक्करदरा मागे पडलं तरी मी उतरले नाही. आमराई आली तसं शिवा म्हणाला, "बाबूसाहेब, बैलायले पानी पाजून घेतो जी." म्हणजे त्याच तलावावर थांबायचं! पायऱ्यांवर वामनराव दोघातिघांसोबत बसलेले. मग मागून कोणीतरी हळूच केलंच... छुम छुम.

माझं डोकं असं सणकलं! मी पायरीकडे धावले, पण आत्यानं माझं मनगट धरलं. गाडीतून काठी काढली आणि माझ्या हातात दिली. पदराच्या गाठीतून चाऱ्याचा गोळा काढला. सकाळीच मळून आणला होता तिनं.

"एकदा टाक," ती म्हणाली. "मी नाई धरनार. तू टाक."

"ताई, उशीर होतोय," बाबा म्हणाले.

"बैल पानी पेतात तवरीक, भाऊ. मंग तू म्हनशीन थिकडे जातो."

मी चिंचेखालच्या तिच्या नेहमीच्या पायरीवर बसले. पहिला चिमूटभर चारा पाण्याला दिला. तशी तिची पद्धत होती. मग गळ टाकला. ऊन कडक होतं, पाणी अगदी स्थिर. मोरपीस उभं राहिलं. मागे वामनराव कुजबुजत होते, बाबा घड्याळ बघत होते. आत्या माझ्या मागे उभी. आणि मला एकाएकी इतकं भरून आलं... की ही आत्ता गाडीत बसेल आणि जन्मभर खोटारडी म्हणून राहील. मी मनात त्या माशाला शिव्या दिल्या. खरंच दिल्या. ये ना रे मेल्या, म्हटलं, असशील तर ये.

छुम.

मी दचकले. वाटलं, पुन्हा कोणी चिडवतंय. मागे पाहिलं. वामनराव तंबाखू मळत होते, बाकीचे आडवे झालेले. बैलांची घुंगरं असतील म्हणून तिकडे पाहिलं, तर शिवाच्या बैलांच्या गळ्यात नुसती दोरी. आणि वाचकहो, हे नीट वाचा... त्याच क्षणी बाबासुद्धा मान वळवून बैलांकडेच बघत होते.

छुम... छुम. आवाज पाण्यातून येत होता. जवळ, अगदी पायरीखालून.

मोरपीस किंचित हललं. माझा हात शिवशिवला, पण मी थांबले. इचारपूस, मी मनात म्हटलं, इचारपूस करून राहिला आहे. मोरपीस पुन्हा डुललं, तिरकं झालं, आणि सरळ पाण्याखाली गेलं. तेव्हा मी काठी उचलली.

आई गं! काठी कमानीसारखी वाकली, चक्री हातात गरगर फिरायला लागली, बोटं भाजली. मी ओढणार, तोच मागून आत्याचा आवाज, कित्येक महिन्यांनी तिचा तो खणखणीत आवाज, "ढील दे! ढील दे वं बाई!"

दिली ढील. तो तलावाच्या मध्यापर्यंत गेला. थांबला. मी ओढलं. पुन्हा गेला, पुन्हा दिली. वामनराव उठून उभे राहिले होते. "अरे बाप्पा! डावीकडे घे पोरी, डावीकडे! थिकडे झुडपं हायेत!" स्वतः वामनराव! शिवा बैल सोडून धावत आला. किती वेळ चाललं कोण जाणे, माझे दंड भरून आले. मग पाण्यात एक चकाकी दिसली, तांबूस, मोठी, इतकी मोठी की मला आधी कोणाचं तरी लुगडं तरंगतंय असं वाटलं.

"दमला," आत्या म्हणाली. "आता तुही पाळी."

तो पायरीशी आला आणि मला पुढे काय करावं सुचेना. जाळी कोणाजवळच नव्हती. तेवढ्यात माझ्या शेजारून काहीतरी धप्पकन पाण्यात पडलं. बाबा! कोट, चष्मा, बूट, सगळ्यासकट कमरेइतक्या पाण्यात. त्यांनी त्या धुडाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पायरीवर आणून टाकलं, आणि स्वतः त्याच्या बाजूला गुडघे टेकून बसले.

माझ्या खांद्यापर्यंत होता तो रोहू. पण बाबा त्याची लांबी बघत नव्हते. ते त्याच्या ओठाकडे बघत होते. एका बाजूला माझा गळ. दुसऱ्या बाजूला, मांसात रुतलेलं, वाकवलेलं दाभण, गंजाचा ठिपकासुद्धा नाही. त्याला काळ्या रेशमाचा बोटभर तुकडा. आणि त्या तुकड्याला पितळेचं घुंगरू, त्यावर बेलाचं पान.

बाबांनी चष्मा पुसायला काढला, पण पुसायला कोरडं काही अंगावर नव्हतंच. तसाच हातात धरून ते आत्याकडे बघत राहिले आणि लहान पोरासारखं ओठ काढून रडायला लागले. "ताई," एवढंच म्हणाले. "ताई..."

वामनरावांनी घसा खाकरला. "हा कोनी मागून आनून सोडला असन जी..."

आत्या वळली. काय सांगू तुम्हाला ते तिचं वळणं! "सोडला असन ना. मंग त्याच्या तोंडात माहं घुंगरू कोनं बांधलं, वामनराव? तुमी बांधलं का?"

वामनराव खाली बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "चुकलं आमचं, चंद्राबाई." मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तो त्यांचा मोठेपणा, मी तो नाकारणार नाही.

शिवानं विचारलं, कापायचा का. आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही गळ काढले, घुंगरू काढून माझ्या हातावर ठेवलं. "घे तुह्या नंदीचं. दिलं का नाई वापस?" मग तिनं आणि बाबांनी मिळून त्या रोहूला पाण्यात धरलं. तो जरा वेळ तसाच पडून राहिला, कल्ले हलवत, आणि मग शेपटीच्या एका फटक्यानं बाबांना पुन्हा भिजवून निघून गेला.

बाबा वर आले. कोटातून पाणी निथळत होतं. शिवाला म्हणाले, "दमणी वळव."

"उमरेडले नाई जात का जी?"

"वळव म्हटलं ना! घरी चल."

आम्ही सक्करदऱ्यातून, महालाच्या भर बाजारातून परत आलो. बाबा ओलेचिंब, आत्या पुढे गाडीवानाशेजारी काठी उभी धरून बसलेली. हो, धरली होती तिनं, स्वतःच्या हातात. ओळखीचं कोणी दिसलं की बाबा आपणहून गाडी थांबवून सांगायचे, "आमच्या ताईचा रोहू निघाला बरं का!" समोरच्याला कशाचा काही पत्ता नसायचा. तरी सांगायचे. शेजारच्या त्या पागलखानावाल्या बायकांच्या दारापुढे तर दोनदा सांगितलं.

पुढे आत्या किती तरी वर्षं दर रविवारी तलावावर बसली. पायरीवर तिच्यासाठी जागा राखून ठेवायला लागले लोक. वामनरावांनी तिला चाऱ्यातला तो चोरटा जिन्नस शेवटपर्यंत विचारला आणि तिनं शेवटपर्यंत सांगितला नाही. मलाही नाही सांगितला. मागच्या वर्षी ती गेली, शांतपणे, झोपेत. तो रोहू पुन्हा कोणालाच लागला नाही.

आता राहिलं स्पष्टीकरण. माझं पुष्कळ डोकं फोडून झालं. मासा दुसऱ्या तळ्यातून आला म्हणावं, तर त्या तलावाला ओढा-नाला काही मिळत नाही, फक्त आभाळाचं पाणी. मागून सोडलेलं पिल्लू म्हणावं, तर दोन पावसाळ्यांत एवढा रोहू होत नाही, आणि पिल्लाच्या तोंडात जुना गळ कुठून येणार? तळात कुठं लपला म्हणावं, तर बाबा स्वतः तो तळ चालले होते.

आणि हे सगळं एकवेळ बाजूला ठेवू. पण तो आवाज? घरी आल्यावर मी ते घुंगरू कानाशी धरून हलवलं. मुकं. आतली लाख जशीच्या तशी, कडेला चीरसुद्धा नाही. ते वाजूच शकत नव्हतं. मी बाबांना त्या रात्री विचारलं होतं, तुम्ही ऐकलं ना? ते म्हणाले, "बैलांची घुंगरं असतील." मी म्हटलं, बैलांना नव्हती. तर म्हणाले, "जेव आता."

घुंगरू पुन्हा नंदीच्या माळेत आहे, माहेरी, त्याच फळीवर. बाबा आता पेन्शनीत आहेत. गेल्या दिवाळीत मी माहेरी गेले होते. दुपारी पाणी प्यायला उठले, तर बाबा फळीपाशी उभे. एका हातात नंदी धरलेला, दुसऱ्या हाताच्या बोटांत तेच मधलं घुंगरू, आणि ते कानाशी लावून हळूहळू हलवत होते. मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं नाही. बराच वेळ हलवत होते.